पुरुषांमधील स्तनवाढ : संकोच टाळल्यास उपचार सोपे

नवी दिल्ली : छातीचा आकार वाढू लागला की बहुतेक पुरुष त्याला चरबी समजतात. सैल कपडे घालणे, पोहायला जाणे टाळणे, व्यायाम वाढवणे असे उपाय सुरू होतात. डॉक्टरांकडे जाणे मात्र लांबणीवर पडते. ‘गायनेकोमास्टिया’ या अवस्थेत हा विलंबच महागात पडतो, कारण औषधांचा उपयोग प्रामुख्याने पहिल्या वर्षभरातच होतो.

चरबी की ग्रंथी?

पुरुषांच्या छातीतही अल्प प्रमाणात स्तनग्रंथी असते. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तिची वाढ रोखते, तर इस्ट्रोजेन तिला चालना देते. या दोहोंचा तोल ढळला की ग्रंथी वाढते. अशा वेळी स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी घट्ट, अनेकदा दुखरी चकती हाताला लागते. केवळ चरबी साठली असल्यास छाती सर्वत्र मऊ लागते आणि वजन घटवल्यास फरक पडतो. वाढलेली ग्रंथी मात्र व्यायामाने ओसरत नाही.

वयानुसार कारणे

नवजात बालकांत आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे होणारी वाढ काही आठवड्यांत नाहीशी होते. साधारण १३-१४ व्या वर्षी अनेक मुलांमध्ये ती पुन्हा दिसते आणि बहुतेकांत ६ महिने ते २ वर्षांत आपोआप ओसरते. पन्नाशीनंतर टेस्टोस्टेरॉन घटते, तर शरीरातील चरबी पुरुषी संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये अधिक रूपांतर करू लागते.

याखेरीज काही औषधेही कारणीभूत ठरतात. हृदयविकार व रक्तदाबासाठी दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन, प्रोस्टेटवरील फिनास्टेराइड आणि मनोविकारांवरील रिस्पेरिडोन ही त्यांपैकी काही होत. शरीरसौष्ठवासाठी घेतलेल्या अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडचे शरीरातच इस्ट्रोजेन बनू शकते. ती थांबवल्यावरही वृषणांतील टेस्टोस्टेरॉनची नैसर्गिक निर्मिती काही काळ मंदावलेली राहते. यकृताचा सिऱ्होसिस, मूत्रपिंडाचे जुनाट विकार, थायरॉइडची अतिक्रियाशीलता, क्लाइनफेल्टर सिंड्रोम आणि क्वचित वृषणातील गाठ यांचेही हे लक्षण असू शकते. म्हणूनच तपासणीत डॉक्टर केवळ छाती नव्हे, तर वृषणेही तपासतात आणि गरजेनुसार रक्तातील संप्रेरकांची चाचणी सांगतात.

धोक्याची चिन्हे

स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे १ टक्का पुरुषांमध्ये आढळतो. गाठ एकाच बाजूस, कठीण आणि स्तनाग्रापासून बाजूला असणे, स्तनाग्रातून रक्त येणे, ते आत ओढले जाणे किंवा काखेत गाठ येणे, यांपैकी काहीही दिसल्यास तातडीने मॅमोग्राफी वा सोनोग्राफी आणि आवश्यक तर बायोप्सी करावी लागते.

उपचारांचा क्रम

पौगंडावस्थेतील मुलांना बहुधा धीर आणि दर काही महिन्यांनी तपासणी एवढेच पुरेसे असते. औषधामुळे वाढ झाली असल्यास पर्यायी औषध देता येते. मात्र डॉक्टरांना न विचारता चालू औषध बंद करणे धोक्याचे ठरू शकते. मूळ आजार असल्यास प्रथम त्यावर उपचार होतात. वाढ अलीकडची आणि वेदनादायी असल्यास काही रुग्णांना तज्ज्ञ टॅमॉक्सिफेन देतात. वर्षभरानंतर ग्रंथीत तंतुमय ऊती तयार होतात आणि गोळ्यांचा प्रभाव उरत नाही.

त्या टप्प्यावर शस्त्रक्रिया हाच मार्ग राहतो. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने छोटा छेद देऊन ग्रंथी काढली जाते आणि चरबी लायपोसक्शनने शोषून घेतली जाते. त्यानंतर काही आठवडे छातीवर घट्ट बसणारे वस्त्र वापरावे लागते. विमा योजनांमध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया सामान्यतः वगळलेल्या असल्याने खर्चाबाबत विमा कंपनीकडे आधीच चौकशी केलेली बरी.

शरीरातील बदलाची थट्टा झाल्याने मुले एकलकोंडी होतात, तर प्रौढ पुरुष जाहिरातींतील मलमांवर पैसे खर्च करत राहतात. ही अवस्था पुरुषत्वातील उणीव नसून संप्रेरकांतील असमतोल आहे. ती वेळेत दाखवल्यास अनेकदा शस्त्रक्रियेची गरजही पडत नाही.