पंधरा सेकंदांची चूक आणि बदनामीचा कायदा

23 मार्च 2023 रोजी सुरतच्या न्यायालयाने राहुल गांधींना दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि बदनामीचा कायदा सुरतेतल्याच आमच्या डिंडोलीच्या उंबऱ्याशी आला. 2019 साली कोलारच्या सभेत मोदी आडनावावरून केलेले विधान, सुरतचे आमदार पूर्णेश मोदी यांची फिर्याद, निकालाच्या दुसऱ्याच दिवशी गेलेली खासदारकी. 4 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने दोषसिद्धीला स्थगिती दिली. कमाल शिक्षा का, याचे कारण खालच्या न्यायालयाने दिले नव्हते.

ते प्रकरण सभेतल्या भाषणाचे होते. सभेपेक्षा घरोघरी पोचतो तो टीव्ही, आणि त्याच्या बाबतीत या कायद्याचा कस पुण्यात लागला. 10 सप्टेंबर 2008 रोजी ‘टाइम्स नाउ’ने गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत भलत्याच माणसाचे, निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र सुमारे पंधरा सेकंद दाखवले. नावात थोडे साधर्म्य, एवढेच कारण. सावंत हे सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आणि प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. वाहिनीने नंतर दिलगिरी दाखवली; सावंतांना ती उशिराची आणि अपुरी वाटली. एप्रिल 2011 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 100 कोटींची भरपाई मंजूर केली. अपील ऐकण्याआधी 20 कोटी भरा आणि 80 कोटींची बँक हमी द्या, असे उच्च न्यायालयाने बजावले. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

2017 च्या पावसाळ्यात मुंबईत वेगळेच घडले. आरजे मलिष्काने खड्ड्यांवरून महापालिकेवर गाणे केले, तर शिवसेनेच्या नगरसेवकांनी 500 कोटींच्या दाव्याची मागणी केली. निरपराध माणूस घोटाळ्यात गोवला जाणे आणि खड्ड्याला खड्डा म्हणणे, दोन्हींना एकच माप कसे लावणार? लोकहितासाठी सांगितलेल्या सत्याला जुन्या दंड संहितेतील कलम 499 च्या पहिल्याच अपवादाने संरक्षण दिले होते.

2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी बदनामी घटनात्मक ठरवली. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये तीच दोन वर्षांची कमाल शिक्षा आहे, समाजसेवेचा पर्याय तेवढा नवा.

या सगळ्यात फिर्यादी कोण होते? आमदार, न्यायमूर्ती, नगरसेवक. डिंडोलीत खानदेशातून आलेल्या लूम-कामगाराचा फोटो उद्या चोर म्हणून झळकला, तर भरपाईचा दावा वर्षाच्या आत लावावा लागतो. खाडे पाडून तो वकील कुठून आणणार? त्याला कोटी नकोत. ज्या बातमीपत्रात नाव खराब झाले, त्याच वेळेला, तितकाच वेळ, ठळक दुरुस्ती हवी, तीही दुसऱ्या दिवशी. वाहिन्यांवर एवढे बंधन कायद्याने घातले, तरच हा कायदा गरिबाच्याही अब्रूचा होईल.