जोह्यातला कॉम्प्रेसर आणि रेणूंची गिरकी

पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोहे पट्ट्यात गणपतीचे कारखाने एकमेकांना खेटून उभे आहेत. डोळ्यांची आखणी हातानेच होते, पण अंगावरचा रंग स्प्रे गनने चढतो आणि त्यासाठी कॉम्प्रेसर धडधडत असतो. पंपातून टाकीकडे जाणाऱ्या नळीजवळ हात न्या, धग लागेल. गनच्या तोंडातून सुटणारी हवा मात्र गार! दट्ट्या पुढे सरकताना त्याच्यावर आपटलेला प्रत्येक रेणू अधिक वेगाने परततो. हवा तापते ती अशी.

आता गंमत पाहा. 30 अंशांच्या हवेचा दाब आठपट केला आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर गणिताने तापमान 275 अंशांच्या आसपास जातं. हवेऐवजी आरगॉन भरला, तर तेवढ्याच दाबाला थेट 420. प्रोपेन असेल, तर जेमतेम 110! दाब तोच, सुरुवात तीच, मग एवढा फरक का?

उत्तर रेणूच्या घडणीत आहे. आरगॉन एकटा अणू, त्याला फक्त धावता येतं. हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू जोडीने गिरकीही घेतात. प्रोपेनच्या रेणूत अकरा अणू: तो धावतो, तीन अक्षांभोवती फिरतो आणि वर तब्बल 27 प्रकारे थरथरू शकतो. दिलेली ऊर्जा या सगळ्यांत वाटली जाते. धावण्याच्या वाट्याला थोडीच उरते. आणि तापमान म्हणजे धावण्याचा हिशेब. हा प्रोपेन काही परका नाही. शेजारच्या रोहा तालुक्यात, नागोठण्याच्या प्रकल्पात, इथेन-प्रोपेन तापवून फोडतात आणि त्यातून प्लॅस्टिकचा कच्चा माल निघतो.

मॅक्सवेलसारखा दिग्गज भौतिकशास्त्रज्ञ ऊर्जेच्या या वाटणीतच अडला होता. 1860 मध्ये त्याच्या गणिताने हवेच्या दोन विशिष्ट उष्मांचं (स्थिर दाबाची आणि स्थिर आकारमानाची) गुणोत्तर 1.333 यायला हवं होतं, प्रयोग सांगत होते 1.408. त्याने ही विसंगती झाकली नाही, उघड मांडली. मला हा त्याचा मोठेपणा वाटतो. उलगडा व्हायला पुंजवादाची वाट पाहावी लागली: थरथर थोडी-थोडी सुरू होत नाही, ठरावीक ऊर्जेचा हप्ता मिळाला तरच होते. साध्या तापमानाला नायट्रोजनला तो परवडत नाही, कार्बन डायऑक्साइडला मात्र काही प्रमाणात परवडतो.

पावसाळ्यात मूर्ती वाळता वाळत नाही, त्याचं कारण वाफेचा रेणू आळशी आहे असं मुळीच नाही. तीन अणूंचा हा रेणू सेकंदाला साधारण साडेसहाशे मीटर वेगाने पळतो. पण मिलिमीटरचा काही हजारावा भागही जात नाही तोच कुणावर तरी आदळतो. त्यात हवा आधीच वाफेने भरलेली, म्हणून मूर्तीतून जेवढे रेणू सुटतात जवळजवळ तेवढेच परत येऊन चिकटतात. पंख्याने ही दमट हवा हटवली की वाळणं वेग घेतं.

कोट्यवधी टकरांचा हिशेब मांडायचा कसा? एकट्या अणूच्या रेणूंसाठी बोल्ट्झमनच्या 1872 च्या समीकरणाने वाट दाखवली, पण त्यात फिरणं-थरथरणं नव्हतं. बोर्गनाके आणि लार्सन यांनी 1975 मध्ये झकास युक्ती काढली: प्रत्येक टकरीनंतर एकूण ऊर्जा धावणं आणि आतली हालचाल यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटायची, एकूण बेरीज मात्र कायम ठेवायची. अवकाशातून परतणाऱ्या यानाभोवतीची विरळ, तापलेली हवा संगणकावर उभी करताना ही पद्धत आजही वापरतात.

शेवटचं माझं लाडकं. गिरकी बदलायला चार-दोन टकरा पुरतात. थरथर बदलायला कार्बन डायऑक्साइडला हजारो टकरा लागतात. ऑक्सिजन तर त्याहून हट्टी. आवाजाची लाट जाताना त्याची थरथर ऊर्जा उशिरा घेते, उशिरा परत करते आणि या दिरंगाईत आवाज विरतो, विशेषतः चढा. हवेत बाष्प भरपूर असलं की पाण्याचे रेणू ही देवाणघेवाण झटपट उरकून टाकतात आणि चढे सूर कमी गळतात. म्हणजे भाद्रपदातल्या दमट हवेत मिरवणुकीतल्या झांजेचा खणखणाट उन्हाळ्याच्या कोरड्या हवेपेक्षा जास्त लांब पोचतो!