पुरवठादाराशी व्यवहार : शब्द, मुदत आणि पत

प्रास्ताविक

व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना आपण बहुधा ग्राहकाशी होणाऱ्या संवादाचा विचार करतो. जाहिरात, माहितीपत्रक, दुकानाची पाटी ही सारी ग्राहकासाठी असतात. परंतु ज्यांच्या मालावर उद्योग उभा राहतो, त्या पुरवठादारांशी होणारा भाषाव्यवहारही तितकाच महत्त्वाचा आहे. नवउद्योजकाची मागणी लहान असते, हाती रोख रक्कम बेताची असते आणि बाजारात त्याचे नाव कोणी ऐकलेले नसते. पुरवठादाराने त्याला सांभाळून घ्यावे असे त्याच्यापाशी एकच भांडवल असते, ते म्हणजे दिलेला शब्द. हा शब्द कसा द्यावा, कसा लिहावा आणि कसा पाळावा, याचा विचार प्रस्तुत घटकात करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापुरातील एका गृहिणीने कांदा-लसूण मसाल्याचा लघुउद्योग सुरू केला आहे. मिरची ती एका घाऊक व्यापाऱ्याकडून घेते आणि छापील पाकिटे एका लहान कारखान्यातून करून घेते.

पत या शब्दाचा अर्थ

मराठीच्या व्यापारी शब्दसंपदेत अनेक भाषांचे थर आढळतात. ‘उधार’ हा शब्द संस्कृत ‘उद्धार’पासून आला, ‘मुदत’, ‘वायदा’ आणि ‘तगादा’ हे शब्द मूळचे अरबी असून फारसीमार्फत मराठीत रुळले. ‘पुरवठादार’ या शब्दात तर मराठी नामाला ‘-दार’ हा फारसी प्रत्यय जोडलेला आहे. या शब्दसमूहात ‘पत’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. त्याचा एक अर्थ अब्रू किंवा लौकिक, तर दुसरा अर्थ उधार मिळण्याची पात्रता. ‘पतपेढी’, ‘पतसंस्था’, ‘पतपुरवठा’ या शब्दांत दुसरा अर्थ प्रधान असला, तरी पहिला पुसला गेलेला नाही. श्रीमंत मनुष्याची पत नसू शकते आणि बेताच्या ऐपतीच्या मनुष्याची असू शकते, कारण पत ही वेळेवर पाळलेल्या वचनांतून साठत जाते.

मागणीपत्रातील नेमकेपणा

पुढील दोन वाक्यांची तुलना करा.

(अ) “चांगल्या प्रतीची मिरची लवकरात लवकर पाठवावी.”

(आ) “चालू हंगामाची, देठ काढलेली ब्याडगी मिरची ५० किलो, १० मार्चपर्यंत आमच्या पत्त्यावर पोहोचवावी. वाहतूक खर्च आमच्याकडे राहील. रक्कम माल मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेमार्फत पाठवीन.”

पहिल्या वाक्यातील ‘चांगली’ आणि ‘लवकर’ ही सापेक्ष विशेषणे-क्रियाविशेषणे आहेत. व्यापाऱ्याच्या दृष्टीने चांगली मिरची म्हणजे तिखट मिरची असू शकेल; ब्याडगी मिरची मात्र गडद रंग आणि सौम्य तिखटपणा यांसाठी घेतली जाते. दुसऱ्या वाक्यात वाण, प्रत, परिमाण, दिनांक, खर्चाची जबाबदारी आणि देयकाची मुदत या सहा बाबी निश्चित होतात. बहुतेक वाद लबाडीपेक्षा अशा मोघम शब्दांतून उद्भवतात. मागणी दूरध्वनीवरून नोंदवली असली, तरी तोच तपशील लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावा.

वचनाचे व्याकरण

इंग्रज तत्त्वचिंतक जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन केले, की काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत. ती उच्चारणे हीच एक कृती असते. वचन देणे ही अशी कृती आहे. ‘पैसे लवकरच मिळतील’ या वाक्यात देणारा अदृश्य आहे आणि दिवसही नाही. त्यामुळे ते वचनासारखे भासले तरी कोणालाच बांधत नाही. ‘उद्या पाठवतो’ या वाक्यात वर्तमानकाळाचे रूप भविष्यासाठी योजले आहे. मराठीत हे स्वाभाविक आहे, तथापि सवयीने उच्चारलेल्या अशा ‘पाठवतो’चे मोल बाजारात फार कमी होते. ‘मी ५ तारखेला १२,००० रुपये पाठवीन’ या वाक्यात कर्ता, दिनांक आणि रक्कम तिन्ही उपस्थित आहेत. असे वाक्य लिहिताना हात थोडा अडखळतो. तो अडखळणे योग्यच आहे, कारण जे पाळता येणार नाही ते लिहू नये.

तक्रार आणि मौन

पाकिटांवरील छपाई पुसट निघाली, तर संकोचापोटी गप्प राहणे आणि रक्कम देताना परस्पर कापून घेणे, ही सर्वांत घातक पद्धत होय. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे सुभाषित येथे कायद्याच्याही भाषेत लागू पडते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ अन्वये माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असे मानले जाते. म्हणून तक्रार तत्काळ, लेखी आणि वस्तूपुरती मर्यादित असावी. ‘तुम्ही फसवले’ हे वाक्य माणसावर आरोप करते. ‘१,००० पैकी १५० पाकिटांवर वजनाचा आकडा वाचता येत नाही, ती बदलून द्यावीत’ हे वाक्य दोष दाखवून उपायही सुचवते.

मुदत : कायदा आणि शब्द

याच अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून माल अथवा सेवा घेतल्यास लेखी करारातील मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. करार नसल्यास १५ दिवसांची मुदत धरली जाते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. पाकिटे बनवणाऱ्या नोंदणीकृत लहान कारखान्याला हे संरक्षण आहे. मिरचीच्या घाऊक व्यापाऱ्याला केवळ व्यापारी म्हणून ते मिळत नाही. त्याच्यापुरता आपला शब्द हाच कायदा होय.

मुदत पाळणे अशक्य झाले, तर मुदत संपण्यापूर्वी कळवावे. आधी कळवणारा मुदतवाढ मागत असतो; नंतर कळवणारा केवळ सबब सांगत असतो. पत्रात कारण एका वाक्यात, नवी तारीख स्पष्ट आणि शक्य तेवढी रक्कम सोबत असावी. तगाद्याची वाट पाहणे म्हणजे आपल्या वचनाची आठवण ठेवण्याचे काम दुसऱ्यावर टाकणे होय. लहान कारखानदाराचे अडकलेले बिल म्हणजे अनेकदा त्याच्या कामगाराची लांबलेली मजुरी असते, याचे भान ठेवावे.

निष्ठा दुतर्फी असते

दर ठरवताना घासाघीस अवश्य करावी. मात्र ‘दुसरा कमी भावात देतो’ असे खोटे सांगू नये. बाजार लहान असतो आणि भाव सर्वांना ठाऊक असतात. अडचणीच्या वेळेसाठी दुसरा पुरवठादार ठेवण्यात गैर काही नाही. ते लपवू नये इतकेच. उन्हाळ्यात घरोघरी मसाले होऊ लागले, की मिरचीची मागणी वाढते. त्या दिवसांत व्यापारी आपल्यासाठी दोन पोती बाजूला काढून ठेवतो, भाव चढण्याआधी सूचना देतो किंवा ‘हा माल तुमच्या कामाचा नाही’ असे स्वतःहून सांगतो, तेव्हा निष्ठेचा प्रत्यय येतो. ती मागून मिळत नाही. वर्षभर पाळलेल्या तारखांचे ते फळ असते.

सारांश

पुरवठादाराशी टिकाऊ संबंध हे गोड बोलण्यावर वा मोठ्या मागणीवर अवलंबून नसतात. नेमकी मागणी, कर्ता व दिनांक असलेले वचन, वेळीच केलेली लेखी तक्रार आणि मुदतीपूर्वी दिलेली सूचना यांतून पत निर्माण होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘पत’ या शब्दाचे दोन्ही अर्थ सोदाहरण स्पष्ट करा.

२. ‘तुमचे बिल लवकरच भागवले जाईल’ या वाक्यातील उणिवा सांगून ते पुन्हा लिहा.

३. मिळालेल्या मालापैकी काही भाग सदोष आहे, असे कळवणारे पत्र पुरवठादारास लिहा.

४. आपल्या परिसरातील एखाद्या व्यावसायिकाशी बोलून उधारीच्या व्यवहारात वापरले जाणारे दहा शब्द अर्थासह नोंदवा.