अलिबाग-मुरुडला ग्रुप नेताय? आधी तिथी बघा

पंचवीस जणांची सहल ठरते तेव्हा आधी बस सांगितली जाते, मग खोल्या, मग जेवण. अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर हा क्रम उलटा हवा. इथे कुलाबा किल्ल्याची वाट दिवसातून दोनदाच उघडते, तीही समुद्राच्या वेळेनुसार.

कान्होजी आंग्रेंच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी त्यांना ते घेता आलं नाही. ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून इथे चालत जाता येतं, भरतीला चहूबाजूंनी पाणी असतं. म्हणून तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर काढा.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती. त्याआधी सुमारे सव्वासहा तास, म्हणजे सकाळी आठला ओहोटी. रोज ही वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. हिशेब दोन्ही पक्षांना सारखाच लागू पडतो. मात्र हा अंदाज झाला. निघण्यापूर्वी मोबाइलवर भरती-ओहोटीचं त्या दिवसाचं वेळापत्रक बघाच आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांनाही विचारा.

अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या आसपास येते. आरामात उठून जाणाऱ्या ग्रुपला ही वेळ सोयीची वाटते, पण ती फसवी आहे. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी पुरतं मागे हटत नाही आणि वाटेत भिजावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र लांबवर जातो खरा, पण ओहोटी पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. संध्याकाळची नकोच, परतताना अंधार आणि चढतं पाणी दोन्ही गाठतात. म्हणून ज्या रविवारी चतुर्थी किंवा पंचमी येते, तो शनिवार-रविवार धरा. ओहोटी पावणेनऊ ते साडेनऊच्या दरम्यान मिळेल आणि पाणीही बऱ्यापैकी हटलेलं असेल.

आता मार्ग. बहुतेक जण आधी अलिबाग करतात. शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याहून निघून ओहोटी गाठणं अवघडच, म्हणून त्या दिवशी थेट मुरुड गाठा. राजपुरी बंदरातून शिडाच्या होडीने जंजिरा. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही. संभाजी महाराजांनी तर खाडीत भराव टाकून पोहोचण्याचा प्रयत्न केला होता. कलालबांगडी तोफ आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध असलेले गोड्या पाण्याचे तलाव चुकवू नका. होडीवाले किल्ल्यात मोजकाच वेळ देतात, त्यामुळे ग्रुप फोटो शेवटी. होडीतून पायऱ्यांवर उतरताना हाताचा आधार लागतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्या काका-काकूंना हे घरीच सांगा, बंदरावर नको.

संध्याकाळी मुरुडहून परतून मुक्काम अलिबाग, नागाव किंवा आक्षीला करा. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, ५० किलोमीटरला दीड-दोन तास धरा. घरगुती खाणावळीत किती जण मासे खाणार, किती शाकाहारी, हे आदल्या दिवशी कळवलेलं बरं. ऐन वेळी पंचवीस ताटं कोणी वाढत नाही.

रविवारी ओहोटीच्या तासभर आधी किनाऱ्यावर या. पुढे कोण, शेवटी कोण, हे ठरवून चाला आणि परत फिरायची वेळ निघतानाच सगळ्यांना सांगा. पाणी वळल्यावर 'अजून एक सेल्फी' म्हणणारा एक जण सगळ्यांना अडकवतो. बस वाळूत उतरवू नका.

परतीला मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो बस चढवून घेते, पण जागा आधी राखून ठेवा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच आणि जंजिऱ्याच्या होड्या दोन्ही बंद असतात. त्या महिन्यांत हा बेत आखूच नका.