शर्यत एका रात्रीची, फेड सगळ्या घराची

शनिवारची रात्र. बाप दुसऱ्या पाळीवरून येऊन झोपलेला. आई सकाळच्या डब्याची भाजी निवडून नुकतीच आडवी झालेली. खुंटीवरची चावी हळूच निघते. गाडी आवाज न करता गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली जाते. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल असो, पश्चिम द्रुतगती मार्ग असो की नवी मुंबईचा पाम बीच रस्ता. मध्यरात्रीनंतर मोकळ्या रस्त्यावर पोरे शर्यत लावतात. कधी पैज असते, कधी नुसती मोबाईलवर दाखवायची हौस. पहाटे पोलीस ठाण्यातून फोन येतो, तेव्हा आई-बापाला पहिल्यांदा कळते.

गाडी हप्त्याची असते. त्याच गाडीवर बाप कामाला जातो. म्हणून शर्यतीची शिक्षा एकट्या पोराला होत नाही, ती सगळ्या घराला होते. ती कशी, हे पालकांनी आधीच समजून घेतलेले बरे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी गाड्यांची शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. शर्यतीत भाग घेणारा आणि ती होऊ देणारा, दोघेही दोषी. पूर्वी यासाठी एक महिन्यापर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

याशिवाय धोकादायक रीतीने गाडी चालवणे, हेल्मेट नसणे, विमा संपलेला असणे, सायलेन्सर बदललेला असणे, यांचे गुन्हे वेगवेगळे लागतात. शर्यतीत पकडलेल्याचा परवाना पोलीस ताब्यात घेऊन तो निलंबित किंवा रद्द करण्यासाठी पाठवू शकतात. जो मुलगा घरपोच सामान पोहोचवून किंवा रिक्षा चालवून कमावतो, त्याच्यासाठी परवाना म्हणजेच भाकरी.

मुलगा अठराच्या आतला असेल तर?

येथे बहुतेक घरे गाफील असतात. २०१९ साली कायद्यात कलम १९९ अ आले. त्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. "मला ठाऊकच नव्हते" असे बापाने म्हणून भागत नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पूर्ण काळजी घेतली होती, हे त्यालाच सिद्ध करावे लागते.

१९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात महागड्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मरण पावले. ती शर्यत नव्हती. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्याला सुरुवातीला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, त्यावर देशभर संताप उसळला. वडिलांनाही अटक झाली. बड्या घराच्या मागे वकिलांची फौज उभी राहते. आपल्या घरात वकिलाची पहिली फी भरतानाच मंगळसूत्र गहाण पडते.

अपघात झाला तर

ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. समोरचा माणूस दिसून ब्रेक दाबेपर्यंत तेवढे अंतर संपलेले असते. निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. चालवणाऱ्याकडे परवाना नसेल, तर न्यायाधिकरणाच्या हुकमाने विमा कंपनी मृताच्या वारसांना भरपाई देऊन तीच रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम लाखांत जाते.

गाडी जप्त झाली, आता काय करावे?

गोंधळून जाऊ नका आणि मध्यस्थाच्या हातात पैसे देऊ नका. जप्तीची पावती किंवा पंचनाम्याची प्रत मागून घ्या. नोंदणीपुस्तक, विमा, पीयूसी, मालकाचे ओळखपत्र आणि कर्जाचे कागद एकत्र करा. गुन्हा नोंदला असेल, तर गाडी सुपूर्दनाम्यावर परत मिळावी म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. जप्त वाहने ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ ठेवू नयेत, योग्य बंधपत्र आणि हमी घेऊन ती परत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितले आहे. अर्जाला उशीर करू नका. गाडी आवारात गंजत असली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

वकिलाला पैसे नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना व मुलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही तो दर्जा आहे. जातीचा दाखला सोबत न्या. चौकशीचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

आणि हे सारे टळावे असे वाटत असेल, तर आजच रात्री दोन गोष्टी करा. चावी खुंटीवरून काढून कपाटात ठेवा. मग पोराला जवळ बसवून हप्त्याचे पुस्तक दाखवा, किती भरले आणि किती राहिले ते सांगा. ओरडू नका. गाडी कशी आली हे त्याला कुणी नीट सांगितलेलेच नसते.