ओढ बसली की आवळणारी गाठ

शिरूर अनंतपाळच्या शिवारात बैल हिसके देऊ लागला, तर जाणता शेतकरी त्याच्याशी ताकद लावत बसत नाही. कासऱ्याचे दोन वेढे जवळच्या बाभळीला टाकतो आणि मोकळं टोक धरून निवांत उभा राहतो. यामागचं गणित लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात मांडलं. वेढा वाढला की पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्याला ती साडेसहा पट होते, दोन वेढ्यांना ४३ पट आणि तीन वेढ्यांना तब्बल २८५ पट. म्हणजे दोन वेढे असतील, तर बैलाची ओढ १०० किलोची असली, तरी हातावर येतात जेमतेम सव्वादोन किलो. बुंधा जाड आहे की बारीक, याने या हिशेबात फरक पडत नाही.

हेच वेढे झाडाऐवजी दुसऱ्या दोरालाच घातले तर? ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये अशी गाठ प्रसिद्ध केली. आज सह्याद्रीत दोरावर चढणारा प्रत्येक जण ती पहिल्या काही धड्यांतच शिकतो. १०-११ मिलिमीटरच्या मुख्य दोरावर सहा मिलिमीटरच्या बारीक दोरीचा बंद फास घ्यायचा आणि तो स्वतःच्याच पोटातून तीनदा ओवायचा. वेढे एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसले पाहिजेत. फासावर वजन पडलं की वेढे मुख्य दोराला चावतात, दोर तिथे किंचित वाकतो आणि गाठ जागची हलत नाही. वजन काढलं की तीच गाठ बोटांनी वर सरकते. असे दोन फास घेतात, एक कमरेला आणि एक पायाला. कमरेच्या फासावर बसायचं, पायाचा वर सरकवायचा, त्यावर उभं राहायचं, मग कमरेचा सरकवायचा. सुरवंटाची चालच म्हणा ना!

अमेरिकेत हरणाचे शिकारी झाडाला दोर बांधून, कमरेच्या पट्ट्यात बसून तासन्‌तास दबा धरतात. बुंध्यापासूनचं अंतर कमी-जास्त करायला त्यांच्या दोरावरही बहुधा हीच गाठ असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण झाडावर चढणं कुठे थांबलंय? देगलूर-बिलोलीकडे शिंदीच्या झाडावर चढणारा कमरेचा दोर बुंध्याभोवती घेतो. मागे रेललं की दोर झाडाला धरतो, पुढे झुकलं की सैल होऊन वर सरकतो. तत्त्व तेच, पण पाय निसटला आणि दोर सैल असला तर थेट खाली. तेलंगणाने २०२४ मध्ये ताडी काढणाऱ्यांना दोर-पट्ट्यांचे सुरक्षा संच द्यायला सुरुवात केली, ती म्हणूनच.

या प्रुसिक गाठीलाही खोड्या आहेत. फासाची दोरी मुख्य दोराइतकीच जाड असेल तर ती नीट चावत नाही. ओल्या दोरावर एखादा वेढा जास्त लागतो. भाराखाली गाठ घसरत राहिली तर घर्षणाने तापते. नायलॉन सव्वादोनशे-अडीचशे अंशांना वितळतं, तर जनावरांच्या दाव्याला वापरतात तो प्लॅस्टिकचा दोर त्याच्या बऱ्याच आधी. सगळ्यात घातक खोड माणसाची. तोल गेला की हात आपोआप गाठ गच्च धरतो आणि धरलेली गाठ आवळतच नाही, हातासकट खाली घसरते.

म्हणून फांद्या छाटायला किंवा शिंदीवर चढणाऱ्यांनी बाजारातल्या दाव्यावर जीव टांगू नये. गिर्यारोहणाचा दोर घ्यावा, जाणकारासमोर जमिनीपासून हातभर उंचीवर गाठ पारखावी आणि घसरताना ती सोडायची सवय हाताला लावावी.