अल्बिनो बोआचें संगोपन

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराच्या प्राणिसंग्रहालयांत ‘पॉपाय’ नांवाचा एक बोआ कन्स्ट्रिक्टर जातीचा साप होता. १९७७ सालीं तो मरण पावला, तेव्हां त्याच्या वयाला ४० वर्षें उलटून गेलीं होतीं. सर्वच बोआ इतके दीर्घायुषी नसतात. तथापि नीट निगा राखल्यास ते २० ते ३० वर्षें जगतात. युरोप-अमेरिकेंतील हौशी लोक रंगीत बोआंसाठीं मोठी रक्कम मोजतात, त्या वेळीं नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. रंग तत्काळ डोळ्यांत भरतो. जबाबदारी मात्र दिसत नाहीं.

बोआ हा मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेंतील बिनविषारी साप. त्याचें अंग करडें-तपकिरी असून पाठीवर गडद पट्टे असतात. अल्बिनो बोआच्या शरीरांत काळें रंगद्रव्य तयार होत नाहीं. पिंवळी व तांबडी छटा तेवढी शिल्लक राहते आणि साप केशरी-पांढरा दिसतो. डोळेही तांबूस असतात. हा गुण आई व बाप या दोघांकडूनही आला तरच प्रकट होतो. हा गुण सुप्तपणें वाहणारीं साध्या रंगाचीं नर-मादी एकत्र आणलीं, तर सरासरीनें चार पिलांत एक अल्बिनो निघतें. ‘काल’ आणि ‘शार्प’ असे अल्बिनो बोआंचे दोन वंश प्रसिद्ध आहेत. त्यांचा परस्परांशीं संकर केला असतां पिलें मात्र साध्या रंगाचीं जन्मतात. कारण दोन्ही वंशांतील दोष निरनिराळ्या जनुकांत आहेत आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

रंग बदलला म्हणून गरजा बदलत नाहींत. पूर्ण वाढलेली मादी बहुधा सहा ते आठ फूट लांब होते. तिला अंग सरळ पसरतां येईल एवढी पेटी हवी. साप बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असतो. म्हणून पेटीच्या एका टोकाला सुमारे ३२ अंश व दुसऱ्या टोकाला सुमारे २६ अंश सेल्सिअस उष्णता ठेवावी आणि दोन्हीकडे लपावयास जागा द्यावी. उष्णता देणाऱ्या साधनाला थर्मोस्टॅट जोडलाच पाहिजे. एरवीं सापाचें अंग भाजतें. हवेंत पुरेसा ओलावा नसल्यास कात तुकड्यातुकड्यांनीं निघते. अल्बिनो सापाच्या डोळ्यांना प्रखर उजेड सोसत नाहीं, एवढी एक गोष्ट मात्र वेगळी. त्याला मंद प्रकाश व भरपूर सावली द्यावी.

अति खाऊं घालणें ही हौशी लोकांची नेहमींची चूक. सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा मेलेला उंदीर पुरेसा होतो. पिलाला १० ते १४ दिवसांनीं, तर मोठ्या सापाला तीन-चार आठवड्यांनीं एकदां खाद्य द्यावें. खाल्ल्यावर निदान दोन दिवस त्याला हातांत घेऊं नये. घेतल्यास तो भक्ष्य ओकून टाकतो. सापाला हाताळल्यावर हात साबणानें धुवावे.

पेशींत प्रथिनांचे पिंड जमणें, हा बोआंचा सर्वांत घातक रोग. त्याच्याशीं निगडित विषाणू २०१२ सालीं उजेडांत आले. परंतु त्यावर उपाय नाहीं. रोगी बोआ कित्येक महिने निरोगी दिसूं शकतो. म्हणून नवा साप निदान तीन महिने वेगळा ठेवून त्याची रक्ततपासणी करून घेणें इष्ट.

हौस सरल्यावर साप रानांत सोडणें हा तर अपराधच. अरुबा बेटावर १९९९ सालीं प्रथम बोआ आढळला. पुढें तेथें त्यांची प्रजा वाढली आणि ते स्थानिक पक्षी व सरडे यांवर ताव मारूं लागले. भारतांत २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी साप बाळगणाऱ्यास वन्यजीव कायद्यानुसार सरकारांत नोंद करावी लागते; आणि बोआच्याच कुळांतील आपलें मांडूळ तर पाळतांच येत नाहीं.

साप घेण्यापूर्वीं म्हणूनच एकच प्रश्न विचारावा : हा साध्या तपकिरी रंगाचा असता, तरी त्याला तीस वर्षें सांभाळण्याची तयारी आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर त्याचें केशरी रूप प्राणिसंग्रहालयांत पाहावें आणि समाधान मानावें.